पडद्यावरचें रान आणि खरें रान

आजच्या भाषणाचा विषय चित्रपट हा असला, तरी नटनट्यांची चर्चा करण्याचा माझा विचार नाहीं. परसाची कुडाची भिंत ओलांडली कीं रान सुरू होतें, अशा मुलखांत मीं शाळामास्तर म्हणून आयुष्य काढलें. संकटकाळीं जीव कसा वांचवावा, याचे पहिले धडे तेथील मुलें क्रमिक पुस्तकांतून घेत नाहींत, चित्रपटांतून घेतात. "साप चावला तर काय कराल?" असा प्रश्न वर्गांत टाकावा, कीं निम्मे हात वर होत, आणि उत्तर बहुधा एकच येई : जखमेवर चाकूनें चीर द्यावी, तोंड लावून विष ओढून थुंकावें, व वरच्या बाजूस घट्ट दोरी आवळावी. हा उपचार पडद्यावरून घरोघरीं उतरला आहे. तेव्हां चित्रपटानें शिकविलेले असले धडे खऱ्या रानांत कितपत टिकतात, याचा थोडा हिशेब आपल्यापुढें मांडावा असें योजिलें आहे.

ज्या प्रदेशाविषयीं मी बोलत आहें, तो चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा. १९८२ सालीं चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनानें व्यापलेला आहे. मोहफूल, तेंदूपत्ता, बांबू व सरपण यांवर येथील कुटुंबें जगतात. "रानांत जाऊं नका" हा उपदेश त्यांच्यापुढें करणें म्हणजे मुंबईकरास "रस्त्यावर पाऊल टाकूं नका" असें सांगण्यासारखेंच होय. जावें लागणारच, प्रश्न एवढाच, कीं परत कसें यावें.

प्रथम सापाची गोष्ट घेऊं. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटांतील पुंगीच्या सुरांनीं सारा देश डोलविला. ते सूर खऱ्या पुंगीचे नव्हते. क्लॅव्हिओलिन नांवाच्या विजेच्या वाद्यावर कल्याणजींनीं ते काढले होते, व त्यांना हार्मोनियमची साथ रवि यांची होती. सापाला बाहेरचा कान नसतो. नाग गारुड्यापुढें डोलतो तो सुरांना भुलून नव्हे, तर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून. पुढें १९७६ च्या 'नागिन'नें आपल्या जोडीदाराचा सूड घेणारी नागीण दाखविली. मनोरंजन म्हणून याला माझी हरकत नाहीं. परंतु सूडाच्या या समजुतीपायीं दंश झालेल्या माणसास बाजूस ठेवून लोक काठ्या घेऊन सापामागें धांवतात. त्यांत दुसऱ्यास दंश होण्याचा धोका असतो, आणि पहिल्याचा अमूल्य वेळ जातो.

आतां चाकूचा उपचार पाहूं. आपल्याकडील घोणस व फुरसें यांच्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते. असें रक्त ज्याच्या अंगांत वाहत आहे, त्याच्या पायाला चीर देणें म्हणजे न थांबणारा रक्तस्राव आपल्या हातानें सुरू करणें होय. तोंडानें ओढून विष निघत नाहीं, कारण तें जखमेच्या तोंडाशीं वाट पाहत बसत नाहीं, मांसांत पसरतें. घट्ट आवळलेल्या दोरीनें रक्ताचा पुरवठा तुटतो, व कित्येकांचा जीव वांचला तरी हात किंवा पाय गमवावा लागतो.

मण्यारीचा प्रकार याहूनहि फसवा. ती रात्रीं हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, आणि तिच्या दंशाची वेदना वा सूज जवळ जवळ नसतेच. पहांटे पोट दुखूं लागतें, पापण्या जड होऊन मिटतात, बोलणें अडखळतें, आणि शेवटीं श्वास थांबतो. चित्रपटांत दंश झाला कीं पात्र किंकाळी फोडतें व तोंडाला फेंस येतो; त्यामुळें किंकाळी नाहीं तेथें सापहि नाहीं, असा ग्रह होतो. मण्यारीच्या बाबतींत हा ग्रह प्राणघातक आहे. उलट, कडा अंथरुणाखालीं नीट खोंचलेली साधी मच्छरदाणी या सापापासून रक्षण करते, आणि ज्या जिल्ह्यांत हिंवतापानें वर्षानुवर्षें ठाण मांडलें आहे, तेथें ती डांसांनाहि दूर ठेवते.

मग खरा उपचार कोणता? रोग्यास धीर द्यावा. अंगठ्या, बांगड्या, तोडे काढून घ्यावे, कारण सूज चढल्यावर ते रुततात. मोडलेल्या हाडाला बांधतात तशा काठ्या लावून तो अवयव हलणार नाहीं असा ठेवावा. रोग्यास चालवूं नये. खाटेवर घालून न्यावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, व प्रतिविषाची लस आहे अशा रुग्णालयाकडे विनाविलंब निघावें. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणीं घोड्यांच्या रक्तापासून ही लस तयार होत आली आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारहि जातींवर ती एकच चालते. यास्तव साप मारून दवाखान्यांत नेण्याचें कारण नाहीं. रक्ताचा दोष ओळखण्याची रीतहि साधी आहे : थोडें रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन २० मिनिटें स्थिर ठेवावयाचें; तें गोठलें नाहीं, तर विष भिनलें आहे असें डॉक्टर जाणतात.

मांत्रिकाकडे जाऊन बरे झालेले लोक आपण पाहतों, हा आक्षेप मला ठाऊक आहे. त्याचें उत्तर असें, कीं बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापहि प्रत्येक दंशांत विष सोडतोच असें नाहीं. जो मुळांत मरणार नव्हता तो मंत्रानें वांचला असें दिसतें. ज्याला लस हवी होती तो वाटेंतच राहतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारे १२ लक्ष माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील फार मोठा भाग खेड्यांतील, घरीं वा वाटेंत मेलेल्यांचा आहे.

दुसरी गोष्ट वाघाची. पडद्यावर नायक वाघाशीं कुस्ती खेळतो व विजयी होतो. चंद्रपूर जिल्ह्यांत २०२५ च्या मे महिन्यांत सिंदेवाही तालुक्यांत तेंदूपत्ता तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. तेथें कुस्तीला अवसर कोठला? मोहफुलें रात्रीं व पहांटे गळतात, म्हणून वेंचणारे झुंजुमुंजूला निघतात. आणि तीच वेळ वाघाच्या फिरण्याची. शिवाय वांकून वा उकिडवें बसून काम करणारें माणूस वाघाच्या नजरेला चार पायांच्या सावजासारखें दिसतें. यावरूनच बचावाचे नियम निघतात. एकट्यानें जाऊं नये; उजाडल्यावर जावें; आपसांत मोठ्यानें बोलत राहावें; आणि पाळीपाळीनें एकानें उभें राहून पहारा करावा. वाघ समोर आलाच, तर पळूं नये व पाठ फिरवूं नये. ताठ उभें राहून, त्याच्याकडे तोंड ठेवून, हळूहळू मागें सरावें. पळणाऱ्यामागें धांवणें हा त्याचा जातिस्वभाव आहे.

या बाबतींत एका चित्रपटाचें नांव आदरानें घेतलें पाहिजे. तो म्हणजे अमित मसुरकर यांचा २०२१ चा 'शेरनी'. २०१८ च्या नोव्हेंबरांत यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवड्याच्या बाजूस, तेरा माणसें मारल्याचा आरोप असलेल्या एका वाघिणीस गोळी घालण्यांत आली. चित्रपटाचें कथानक त्या प्रकरणाशीं मिळतेंजुळतें आहे. त्यांत विद्या बालन यांनीं उभी केलेली वनाधिकारी वाघाशीं झुंजत नाहीं. ती पावलांचे ठसे पाहते, गांवकऱ्यांचें ऐकते आणि माणूस व जनावर यांच्या वाटा एकमेकींस छेदूं नयेत म्हणून धडपडते. यांत टाळ्या घेणारा प्रसंग कमी, परंतु जीव वांचविणारें ज्ञान अधिक आहे.

हत्तींविषयीं दोन शब्द. १९७१ च्या 'हाथी मेरे साथी'नें हत्ती हा घरचा सोबती करून दाखविला. तो पाळीव हत्ती होता. २०२१ सालीं छत्तीसगडच्या बाजूनें जो कळप गडचिरोलींत उतरला, तो रानटी. त्याच्यासमोर केळें धरणें, किंवा छायाचित्रासाठीं जवळ जाणें, हा शुद्ध अविचार होय. शहरांतून ताडोबास येणाऱ्या पाहुण्यांनींहि हें ध्यानांत ठेवावें. जिप्सीतून खालीं पाय टाकण्यापूर्वीं तर अवश्यच.

या सर्वांच्या मुळाशीं एक कारण आहे. चित्रपटाला नायकाचें धाडस हवें असतें. थांबणें, टाळणें, वेळेवर निघणें यांत त्याला रस वाटत नाहीं. रानांत मात्र याच तीन गोष्टी तारतात.

आणि तरीहि नायक असतो. तो कसा असतो हें पाहावयाचें असेल, तर समृद्धी पोरे यांचा २०१४ चा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' हा मराठी चित्रपट पाहावा. त्यांत नाना पाटेकर व सोनाली कुलकर्णी यांच्या भूमिका आहेत. बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पावसाळ्यांत महिनोन्‌महिने जगाशीं संबंध तुटणाऱ्या त्या जागीं डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं माडिया लोकांत संसार मांडला व दवाखाना चालविला. २००८ सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चाकूनें जखम चिरणारा वीर एका क्षणापुरता असतो. सर्पदंश झालेलें मूल जेथें आणावें असा दवाखाना रानांत वर्षानुवर्षें उघडा ठेवणारे वीर निराळेच.

श्रोतेहो, आपल्या घरच्या मुलांना चित्रपट अवश्य दाखवावे. मात्र दिवे लागल्यावर त्यांना एक प्रश्न विचारावा : "हा प्रसंग खरोखर आला, तर आपण काय करूं?" उत्तरांत चाकू, दोरी वा कुस्ती आली, तर दहा मिनिटें खर्चून तें दुरुस्त करावें. आणि आपल्या गांवाशेजारच्या सरकारी दवाखान्यांत सर्पविषावरची लस शिल्लक आहे कीं नाहीं, याची चौकशी पावसाळ्यापूर्वीं एकदां करून ठेवावी.