राष्ट्राचा संकल्प

पूजारंभी देशकालाचा उच्चार करून मगच संकल्प सोडतात. राष्ट्राचे घोषवाक्य हाही तसाच संकल्प होय. १९६५ साली युद्ध व अन्नटंचाई यांच्या काळात शास्त्रीजींनी जवान व किसान यांचा जयघोष केला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर वाजपेयींनी त्यास विज्ञानाची जोड दिली. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून अनुसंधानाची भर पडली. २०२४ च्या स्वातंत्र्यदिनाचा विषय ‘विकसित भारत’ हा होता. इंद्रपुरीच्या शेजारच्या विद्युत-यंत्रांच्या कारखान्याने सहस्रावधी कुटुंबांस अन्न दिले. परंतु याच भोपाळने डिसेंबर १९८४ मधील विषारी वायूची रात्रही पाहिली. म्हणून येथे विकासाचा संकल्प सोडताना मनुष्याच्या प्राणाचा उच्चार आधी झाला पाहिजे. देशकाल विसरलेला संकल्प फळास येत नाही.