ग्राहकाचा मान आणि यंत्राचे भान



धान्यवाटपाच्या दिवसांत कोणत्याही गावच्या रास्त भाव दुकानासमोर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पिशव्या, गोण्या आणि डबे ओळीने मांडलेले असतात. एखादी वृद्धा पुढे होते आणि ई-पॉस यंत्राच्या काचेवर बोट टेकविते. यंत्र नकार देते. ती पदराला बोट पुसते, पुन्हा टेकविते; पुन्हा नकार. मागून कोणी तरी ‘लवकर आटपा’ म्हणून ओरडतो. दुकानदार मान वर न करताच सांगतो, ‘आजी, तुमचं बोट लागत नाही. व्हा बाजूला. उद्या या.’ ‘बाबा, काल पण हेच सांगितलंस,’ एवढेच ती म्हणते, रिकाम्या पिशवीची घडी घालते आणि घराची वाट धरते.

या प्रसंगाचा थोडा विचार करावयास हवा. धान्य दुकानात आलेले आहे. वृद्धेचे नाव यादीत आहे. तिचा हक्क कायद्याने मान्य केलेला आहे. तरीही ती रित्या हाताने परत गेली. तिला परत पाठविणाऱ्या गोष्टी दोन : एक यंत्राचा नकार आणि दुसरी माणसाचा तुसडा शब्द. त्यातही ‘तुमचं बोट लागत नाही’ या वाक्यात फार मोठा अन्याय दडलेला आहे. बोट ओळखता आले नाही ते यंत्राला. परंतु दोष मात्र बोटाच्या माथी मारला गेला. यंत्राची उणीव ग्राहकाचा अपराध ठरू लागली, म्हणजे सेवा या शब्दालाच अर्थ उरत नाही.

हा प्रश्न केवळ आपल्या खेड्यापाड्यांचा आहे असे मात्र नव्हे. ज्या देशांत किराणा दुकानांमध्ये यंत्रे प्रथम आली, तेथेही ग्राहकांनी हाच अनुभव निराळ्या रूपात घेतलेला आहे. तो बोधप्रद असल्याने येथे थोडक्यात सांगणे उचित ठरेल.

फळीपलीकडचा दुकानदार

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतील किराणा दुकान आपल्याकडील वाण्याच्या दुकानासारखेच असे. ग्राहक फळीच्या अलीकडे उभा राही, यादी सांगे आणि दुकानातील माणूस एकेक जिन्नस काढून, तोलून, पुड्या बांधून देई. १९१६ च्या सप्टेंबर महिन्यात टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स या व्यापाऱ्याने ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान काढले आणि ही रीत मोडली. ग्राहकाने स्वतः मांडणीतून फिरावे, हवा तो माल उचलावा आणि दाराशी पैसे चुकते करावेत, अशी ती व्यवस्था होती. जिन्नस काढून देण्याचे दुकानदाराचे काम त्या दिवसापासून ग्राहकाकडे आले. त्याबद्दल फारशी तक्रार झाली नाही. कारण वस्तू हातात घेऊन निवडण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला मिळाले होते.

पुढची पायरी काळ्या-पांढऱ्या रेघांच्या पट्टीची. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका दुकानात रिग्ली कंपनीच्या च्युइंग गमचे पाकीट काचेवरून सरकविण्यात आले आणि यंत्राने त्याची किंमत, ६७ सेंट, आपोआप नोंदविली. बारकोड वाचून झालेली ही दुकानातील पहिली विक्री होय. यंत्र चालविणारी व्यक्ती मात्र अद्याप दुकानाचीच नोकर होती. १९८६ साली अटलांटा शहराच्या परिसरातील एका दुकानात डेव्हिड हम्बल यांनी तयार केलेले यंत्र बसविण्यात आले आणि वस्तू काचेसमोर धरण्याचे कामही ग्राहकाच्याच हाती सोपविण्यात आले. पुढे ही यंत्रे अमेरिका व युरोपातील मोठ्या दुकानांत सर्वत्र पसरली.

या यंत्राची एक खोच समजून घेण्यासारखी आहे. ग्राहकाने वस्तू पिशवीच्या जागी ठेवली की खालचा काटा तिचे वजन घेतो आणि ते यंत्राकडील नोंदीशी ताडून पाहतो. दोहोंत फरक पडला, ग्राहकाने घरची पिशवी आधी ठेवली अथवा एखादे हलके पाकीट काट्याला जाणवलेच नाही, तर यंत्र अडून बसते. इंग्लंडमध्ये तर ‘पिशवीच्या जागी अनपेक्षित वस्तू आहे’ हे यंत्राचे वाक्य चेष्टेचा विषय होऊन बसले. चार लोकांदेखत यंत्र असे बोलू लागले की प्रामाणिक माणसासही आपल्यावर चोरीचा संशय घेतला जात आहे असे वाटते. मदतीस यावयाचा नोकर एक आणि यंत्रे अनेक. तो त्रासलेल्या चेहऱ्याने येतो, एक शब्द न बोलता कळ दाबतो आणि निघून जातो. ग्राहक दुकानाचे काम फुकट करतो आणि वर अपमानही सोसतो, अशी ही विपरीत स्थिती आहे.

मागे घेतलेले पाऊल

काही दुकानदारांना ही गोष्ट उमगली, हे नमूद केले पाहिजे. इंग्लंडच्या उत्तर भागातील ‘बूथ्स’ या जुन्या दुकानसाखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन दुकानांचा अपवाद वगळता इतर सर्व ठिकाणची अशी यंत्रे काढून टाकण्याचे ठरविले आणि गल्ल्यावर पुन्हा माणसे बसविली. नेदरलँड्समधील ‘युम्बो’ या दुकानसाखळीने २०१९ साली एक निराळाच प्रयोग केला. घाई नसलेल्या ग्राहकांसाठी, विशेषतः एकाकी वृद्धांसाठी, तिने ‘गप्पांचा गल्ला’ सुरू केला. तेथे हिशेब सावकाश होतो आणि सोबत चार शब्द बोलले जातात. प्रयोग पसंतीस उतरला आणि २०२१ मध्ये अशा गल्ल्यांची संख्या दोनशेपर्यंत नेण्याचे जाहीर झाले. पीठमीठ घ्यावयास आलेल्या माणसाला थोडी आपुलकीही हवी असते, हे त्या दुकानाने ओळखले.

नाण्याची दुसरी बाजूही आहे. उर्मटपणा गल्ल्याच्या एकाच बाजूने होतो असे नाही. स्कॉटलंडमध्ये दुकानांतील कामगारांवर हल्ला करणे, त्यांना धमकावणे वा शिवीगाळ करणे हा २०२१ साली कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला. सौजन्य ही देवाणघेवाणीची वस्तू आहे. ते एकाच बाजूकडून मागून चालत नाही.

ज्याला दुसरे दुकान नाही

मेम्फिसचा वा इंग्लंडचा ग्राहक कंटाळला तर समोरच्या दुकानात जाऊ शकतो. आपल्या शहरांतील मोठ्या दुकानांचा ग्राहकही तेच करील. परंतु शिधापत्रिकाधारकाचे काय? एका राज्याच्या शिधापत्रिकेवर दुसऱ्या राज्यात धान्य घेण्याची सोय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्या दरम्यान प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि पुढे ती देशभर लागू झाली. स्थलांतरित मजुरांच्या दृष्टीने ती निःसंशय मोलाची आहे. तथापि ज्या वाडीला एकच दुकान आहे आणि दुसऱ्या दुकानासाठी एस.टी.चे भाडे खर्चावे लागते, तेथील वृद्धेला ही निवड कागदावरच राहते. म्हणूनच या दुकानातील यंत्र आणि या दुकानातील शब्द यांची जबाबदारी इतर कोणत्याही दुकानापेक्षा अधिक आहे.

ई-पॉस यंत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. बनावट शिधापत्रिका, मृतांच्या नावे उचललेले धान्य, न दिलेल्या मालाच्या खोट्या नोंदी या जुन्या दुखण्यांवर तो एक उपाय आहे. पावती मिळते, नोंद तत्काळ होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्य मिळावयाचे असते. १ जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. हे धान्य योग्य हाती पडावे, हाच यंत्राचा हेतू.

परंतु ज्यांच्यासाठी हे धान्य आहे त्यांचे हात कसे आहेत, हेही पाहावयास हवे. ऊस तोडणारे, विटा थापणारे, चुना-सिमेंट कालविणारे, धुणीभांडी करणारे असे हे हात आहेत. कष्टाने बोटांवरच्या रेषा झिजतात. वार्धक्यात कातडी सुरकुतते. पूर्वी प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिक्षकांनी जिवाचे रान करून लोकांना अंगठा सोडून सही करावयास शिकविले. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द त्या काळी लाज आणणारा होता. आज साक्षरालाही पुन्हा बोटच पुढे करावे लागते. आणि आयुष्यभर ज्याने सर्वांत अधिक श्रम केले, नेमके त्याचेच बोट यंत्राला उमगत नाही. यास दैवाचा विनोद म्हणून सोडून देता येणार नाही. त्यावर व्यवस्था हवी.

व्यवस्था आहे, ती कळली पाहिजे

अशी व्यवस्था मुळीच नाही असेही नव्हे. आधार क्रमांक नाही अथवा बोटाचा ठसा जुळला नाही एवढ्याच कारणावरून कोणाही पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये, अशा सूचना केंद्र शासनाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्व राज्यांना दिल्या. अपवादाच्या अशा प्रकरणांची स्वतंत्र नोंद ठेवून धान्य द्यावयाचे असते. दुसरे बोट वापरून पाहणे, काच स्वच्छ पुसणे, सोय असेल तेथे डोळ्यांच्या बुबुळांवरून अथवा भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकेतांकावरून ओळख पटविणे, कुटुंबातील दुसऱ्या सदस्याचा ठसा घेणे, असे मार्ग आहेत. वारंवार अडचण येणाऱ्यास आधार केंद्रावर आपले ठसे नव्याने नोंदविता येतात. दुकानदाराला हे ठाऊक असते. रांगेतील वृद्धेला नसते. तिला ते सांगणे ही मेहेरबानी नसून दुकानदाराचे कर्तव्यच होय.

दुकानदाराची बाजूही ऐकून घ्यावयास हवी. त्याचे उत्पन्न प्रत्येक क्विंटलमागे मिळणाऱ्या ठरावीक मोबदल्यावर अवलंबून असते. सर्व्हर बंद पडला, रेंज गेली, माल उशिरा आला तरी लोकांचे बोल त्यालाच खावे लागतात. दिवसभर एकच प्रश्न शंभर वेळा ऐकणारा माणूस चिडतो, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण यावर तोडगा साधा आहे. यंत्र बंद असेल तर ‘आज सर्व्हर बंद आहे’ अशी पाटी सकाळीच दाराबाहेर लागावी. म्हणजे दोन कोस चालून आलेल्या बाईला तासभर तिष्ठावे लागणार नाही आणि दुकानदाराचेही शंभर उत्तरांचे श्रम वाचतील. आणि ‘तुमचं बोट लागत नाही’ याऐवजी ‘यंत्राला ओळखता आलं नाही, बसा आजी, दुसरी सोय करू’ असे म्हणावयास एक पैसाही अधिक लागत नाही.

प्रत्येकाचा वाटा

पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे की अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २९ अन्वये प्रत्येक रास्त भाव दुकानाच्या पातळीवर दक्षता समिती असावयाची असते आणि तीत स्थानिक संस्था, अनुसूचित जाती-जमाती, महिला व निराधार व्यक्तींना प्रतिनिधित्व असते. कलम २८ प्रमाणे स्थानिक संस्थेने दुकानाच्या कामकाजाचे सामाजिक अंकेक्षण करावयाचे असते. या बैठका केवळ सह्यांपुरत्या न ठेवता ‘या महिन्यात कोण रित्या हाताने परतले?’ हा एकच प्रश्न जरी दरवेळी विचारला गेला, तरी पुष्कळ काम होईल.

पुरवठा विभागाच्या अधिकाऱ्यांनी तपासणीत साठा, काटा आणि नोंदवही पाहण्याबरोबरच अपवादाची नोंद कितीदा झाली हेही पाहावे. ज्या दुकानात वर्षभरात असा एकही अपवाद नोंदला गेलेला नाही, तेथे सर्वांची बोटे जुळली असे मानण्याऐवजी काही माणसे परत पाठविली गेली असावीत, अशी शंका घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. दुकानात हक्काचे प्रमाण, साठा, वेळ आणि तक्रारीचे ठिकाण दर्शविणारा फलक ठळकपणे लावलेला आहे ना, हेही पाहिले जावे. कायद्याने जिल्ह्यासाठी तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यासाठी अन्न आयोग यांची तरतूद केलेली आहे. १९६७ या क्रमांकावर दूरध्वनीनेही तक्रार नोंदविता येते.

शिक्षकांचे कार्य याहूनही मूलगामी आहे. पाचवी-सहावीच्या मुलाला पावती वाचावयास शिकविली तर तो आपल्या आजीची पावती वाचून दाखवील, मिळालेल्या धान्याशी ती ताडून पाहील. गणिताचा याहून चांगला धडा कोणता? तसेच रांगेत वृद्धांना पुढे जाऊ द्यावे आणि दुकानदाराशीही नम्रतेने बोलावे, हा संस्कारही शाळेतच व्हावयाचा आहे.

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदीतून घरोघरी शुद्ध व रास्त दराचा माल पोहोचविला. देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला तो त्यानंतर, १९८६ साली. मोल, माप आणि गुणवत्ता यांबाबत ग्राहकाने जागरूक असावे, ही शिकवण या चळवळीने दिली. आता त्या यादीत आणखी एका गोष्टीची भर घालावयास हवी आणि ती म्हणजे मान.

यंत्रे यापुढेही येत राहतील, नवी येतील, अधिक चांगली येतील. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. ज्या क्षणी यंत्र नाही म्हणते, त्या क्षणी समोरचा माणूस काय म्हणतो, यावरच सेवेची परीक्षा होते. सुरुवातीला ज्या वृद्धेचा उल्लेख झाला, ती पुढच्या महिन्यात पुन्हा दुकानाच्या पायरीवर येईल. तिचे बोट तसेच झिजलेले असेल. तिच्यासाठी बसावयास एक बाक, एक समजूतदार शब्द आणि नोंदवहीतील अपवादाची एक ओळ एवढी तयारी प्रत्येक गावाने केली, तर तिची पिशवी रिकामी परत जाणार नाही.