अण्णांची सफारी



मी टांझानियात, अरुशाला नोकरी करतो. गेल्या वर्षी अण्णा प्रथमच माझ्याकडे आले. त्यांना न्गोरोंगोरोला नेलं. सुमारे ६०० मीटर खोल ज्वालामुखीचं विवर, तळाशी सिंह, हत्ती, गेंडे. मी उत्साहानं दाखवत होतो, अण्णा गप्प. वाटलं, सगळा खर्च वाया गेला.

परतताना वरच्या कुरणात एक मसाई गुराखी गुरं चारत होता. शेजारीच झेब्रे. अण्णा सरसावून बसले. म्हणाले, "रात्री सिंहापासून गुरं कशी राखतात, विचार रे." मी ड्रायव्हरला स्वाहिलीत विचारलं. तो म्हणाला, बाभळीच्या काट्यांचं गोल कुंपण घालून गुरं आत कोंडतात. त्याला 'बोमा' म्हणतात.

अण्णा हसले. "म्हणजे आपल्या वाड्यासारखंच की!" मग थोड्या वेळानं म्हणाले, "तू इकडं आलास तेव्हापासून जिवाला घोर होता. इथंही आपल्यासारखीच माणसं आहेत."

१५ वर्षं मी त्यांना फोनवर पगार, घर, गाडी सांगत होतो. त्यातलं काहीच त्यांना नको होतं.

मित्रांनो, जे गाव सोडून लांब गेलेत, त्यांनी आई-वडिलांना एकदा तिथं न्यावं. एवढंच सांगायचं होतं.