नाबोथाच्या मळ्याचा न्याय

(संविधान दिनानिमित्त संगमनेर येथे दिलेले भाषण)



नाबोथाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा हवा होता. वाडवडिलांचे वतन म्हणून नाबोथाने तो दिला नाही. मग ईजबेलने राजाच्या मोहोरेची पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडांनी मारण्यात आले. न्यायसभा भरली होती, साक्षीही झाल्या. पण सर्वांचा धनी एकच होता. दाद मागायला दुसरे दार नव्हते.

आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यातील राघोजी भांगरे सावकार आणि कंपनी सरकारविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या काळी सारा वसूल करणारा कलेक्टरच मॅजिस्ट्रेटही असे.

म्हणून संविधानाने कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे यांची कामे वेगळी ठेवली. कलम ५० न्यायखाते सरकारपासून अलग करायला सांगते. कलम ३२ मुळे मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

डोंगरातल्या ठाकर किंवा महादेव कोळी कुटुंबाला याचा काय उपयोग? २००६ चा वनहक्क कायदा पाहा. जमिनीचा दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, मग उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समितीकडे जातो. गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो. पडताळणी संपेपर्यंत कसणाऱ्याला हुसकावता येत नाही. दावा फेटाळला, तर कळवल्यापासून ६० दिवसांत वर दाद मागता येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना काढण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात स्वतःच त्याला स्थगिती देऊन राज्यांना विचारले, की फेटाळताना रीत पाळली होती का?

पण आम्ही पाड्यांवर पाहतो, की आलेला कागद वाचून दाखवायला कोणी नसते आणि मुदत निघून जाते. एलीया मळ्यात पोहोचला तेव्हा नाबोथ मेला होता. आपण वेळेत पोहोचले पाहिजे.

म्हणून विनंती : लिहिता-वाचता येणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातला एक दिवस द्यावा. कागद वाचून दाखवा, तारीख मोजा, म्हाताऱ्यांचे जबाब उतरवून घ्या. आदिवासींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीपर्यंत त्यांच्या सोबत चला.

प्रभू आपणांस या कामी बळ देवो.