दूरदर्शनच्या आठवणी आणि स्वायत्ततेचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या दिवसांची आठवण निघाली की त्या पिढीतील माणूस आजही हळवा होतो. चाळीत एखाद्याच घरी संच असे आणि संध्याकाळी सारा मजला त्या खोलीत जमे. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांनी वाचलेल्या बातम्या, ‘आमची माती, आमची माणसं’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’ ही नावे घरातल्या माणसांसारखी उच्चारली जातात. स्मिता पाटील तर राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेल्या; म्हणून समाजवादी परिवाराला त्यांच्याविषयी अधिकच आपुलकी.

या स्मरणरंजनाची थट्टा करण्याचे कारण नाही. त्याच्या मुळाशी एक सत्य आहे. त्या निवेदकांना प्रेक्षकाला काही विकायचे नव्हते. स्वच्छ उच्चार, संथ लय, न चढवलेला आवाज, यांमागे समोरचा माणूस गिऱ्हाईक नसून नागरिक आहे ही जाणीव होती. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांपर्यंत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम पोचले. तेथे संच साऱ्या गावासाठी होता, कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यातला नव्हता.

परंतु आठवण सोयीपुरती जागी राहते, हे विसरता कामा नये. ‘साइट’ सुरू झाला १ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे आणीबाणी पुकारल्यानंतर सव्वा महिन्याने. पडद्यावर जाहिराती आल्या १ जानेवारी १९७६ पासून. आकाशवाणीपासून वेगळे होऊन ‘दूरदर्शन’ हे स्वतंत्र खाते झाले १ एप्रिल १९७६ रोजी. ज्या नावाने आज मन भरून येते, त्याचा जन्म असा लोकशाही बंदिवान असताना झाला. हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते आणि पडद्यावर त्यांचा मागमूसही नव्हता. आवाज तोच सौम्य होता. हातातला कागद मात्र सरकारचा होता. दोष वाचणाऱ्याचा नव्हे, व्यवस्थेचा होता.

फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर, नुकतेच काँग्रेस सोडलेल्या जगजीवनराम यांची सभा ठरली. लोकांनी घरीच बसावे म्हणून त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ‘बॉबी’ दाखवला गेला. तरीही मैदान भरले. करमणूक हेही सत्तेचे हत्यार होऊ शकते, आणि जागा झालेला माणूस ते बोथट करू शकतो, हे दोन्ही धडे त्या एका संध्याकाळी मिळाले.

त्यातूनच वर्गीज समिती नेमली गेली. तिने १९७८ साली ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा होण्यास १९९० साल उजाडले आणि तो अमलात आला १९९७ साली. तोवर खासगी वाहिन्या घरोघर पोचल्या होत्या. शिवाय सरकारला निर्देश देण्याचा अधिकार त्या कायद्यातच राखून ठेवला गेला आणि पैशाची दोरीही सरकारच्याच हाती राहिली. एकीकडे सरकारचा कागद, दुसरीकडे जाहिरातदाराची थैली. या दोहोंच्या मध्ये नागरिकाचा पडदा हरवला.

म्हणून जुन्या निवेदकांच्या आठवणीने ज्याचे डोळे पाणावतात, तो समाजवाद्यांचा सहप्रवासी होऊ शकतो. कार्यकर्त्यांनी त्याच्यापाशी बसावे, त्याच्या आठवणी मनापासून ऐकाव्यात आणि मग एक प्रश्न विचारावा: तो सभ्य आवाज परत हवा असेल, तर त्याच्या हातातला कागद कोणाचा असावा? संसदेला उत्तरदायी पण मंत्र्याच्या हुकमाबाहेर असलेले मंडळ, अनेक वर्षांसाठी आधीच मंजूर केलेला निधी, विरोधी मताला हक्काची वेळ आणि शेतकरी-कामगारांसाठी राखीव कार्यक्रम, या मागण्यांत त्याचे उत्तर आहे. जुने चेहरे परत येणार नाहीत. नागरिकाला नागरिक मानणारी संस्था मात्र उभारता येते. आणि ती मागितल्याखेरीज मिळत नाही.