हाडांनी दिलेली साक्ष : निअँडरथल मानव कसा नाहीसा झाला?

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



२०२० साली कोरोनाची साथ चालू असताना वृत्तपत्रांत आलेली एक बातमी आपणांपैकी काहींच्या स्मरणात असेल. या रोगात प्रकृती गंभीर होण्याचा धोका वाढविणारा एक आनुवंशिक घटक निअँडरथल मानवाकडून आपल्याकडे आला आहे आणि तो धारण करणाऱ्यांचे प्रमाण दक्षिण आशियात विशेष आहे, असे त्या बातमीत म्हटले होते. त्यावर एका शिक्षकमित्राने मला विचारले, "हा मानव चाळीस हजार वर्षांपूर्वी नामशेष झाला असे आम्ही मुलांना शिकवितो. मग त्याची ठेव आमच्या अंगात कशी? आणि ती आमच्या अंगात असेल, तर तो नामशेष झाला असे तरी कसे म्हणावे?" प्रश्न मार्मिक होता. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. उत्तरासाठी मला बरेच वाचावे लागले. त्यातून जे हाती आले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराजवळ निअँडर नावाचे खोरे आहे. १८५६ साली तेथील चुनखडीच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एका गुहेत काही हाडे सापडली. ती अस्वलाची असावीत असे प्रथम वाटले. ती अस्वलाची नसून प्राचीन मानवाची आहेत, हे ओळखले योहान कार्ल फुलरॉट यांनी. हे गृहस्थ पेशाने शिक्षक होते, ही गोष्ट या सभेत मुद्दाम सांगितली पाहिजे. १८६४ साली विल्यम किंग यांनी या मानवास स्वतंत्र जातीचे नाव दिले. पुढे १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल येथे सापडलेल्या सांगाड्यावरून पोक आलेला, ओबडधोबड, मंदबुद्धी असे त्याचे चित्र रूढ झाले. वस्तुतः तो सांगाडा संधिवाताने जर्जर झालेल्या एका वयस्क माणसाचा होता. चित्र पुढे सुधारले. पण 'तो मंद होता म्हणून संपला' ही समजूत मात्र चिवटपणे टिकून राहिली.

या समजुतीची खरी तपासणी हाडांतील डी. एन. ए.मुळे शक्य झाली. डी. एन. ए. म्हणजे प्रत्येक पेशीत असणारे आनुवंशिकतेचे दप्तरच होय. आपल्या महसुली दप्तरखान्यात रुमालात बांधलेले जुने मोडी कागद आपण पाहिले असतील. कडा झडलेल्या, मधूनच कसर लागलेली, एका पानाचे दहा तुकडे झालेले. हजारो वर्षांपूर्वीच्या हाडातील दप्तराची अवस्था याहून वाईट असते. शिवाय त्यात परक्यांचे कागद मिसळलेले असतात. हाडात शिरलेल्या जीवाणूंचे व बुरशीचे डी. एन. ए. शंभरात पंचाण्णवांहूनही अधिक भरते, आणि ज्यांनी ज्यांनी हाड हाताळले त्या संशोधकांचेही त्यात मिसळते. मग जुने कोणते आणि कालचे कोणते, हे ओळखावे कसे? याचे उत्तर जीर्णतेतच सापडले. काळाच्या ओघात तुकड्यांच्या टोकांकडील विशिष्ट अक्षरे ठरावीक रीतीने बदलतात, नव्या डी. एन. ए.त ही खूण नसते. ज्या झिजेमुळे वाचन कठीण झाले, तीच अस्सलपणाची मोहोर ठरली.

हे शास्त्र उभे करण्यात स्वीडनमध्ये जन्मलेले स्वान्ते पेबो यांचा वाटा मोठा आहे. त्यासाठी त्यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. विद्यार्थिदशेत, ममीतील डी. एन. ए. टिकत असेल काय हे पाहण्यासाठी, त्यांनी वासराचे यकृत आणून प्रयोगशाळेतील भट्टीत वाळविले होते. त्याची दुर्गंधी सहकाऱ्यांपासून काही लपली नाही! १९९७ साली त्यांच्या गटाने निअँडर खोऱ्यातील त्या मूळ सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून तंतुकणिकेतील डी. एन. ए. मिळविले. ते आज हयात असलेल्या कोणाही मानवाशी जुळले नाही. तेव्हा आपला व त्यांचा संबंध आला नसावा, असे अनेकांस वाटले. परंतु २०१० साली क्रोएशियातील विंदिया गुहेतील तीन हाडांवरून संपूर्ण जनुकसंचाचा पहिला मसुदा तयार झाला आणि निकाल फिरला. आफ्रिकेबाहेरील लोकांच्या जनुकसंचाचा काही अंश, आजच्या हिशेबाने सुमारे २ टक्के, निअँडरथलांकडून आला आहे. दोन निष्कर्षांत विसंगती नाही. तंतुकणिकेतील डी. एन. ए. केवळ आईकडून येते. जिला मुलगेच झाले, तिची ही खूण पुढच्या पिढीनंतर पुसली जाते, बाकीचा वारसा मात्र चालू राहतो. हा संकर मुख्यतः सुमारे ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वी झाला, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसते.

आता ते नाहीसे का झाले, याकडे वळू. दक्षिण सैबेरियात अल्ताय पर्वतात चागिरस्काया नावाची गुहा आहे. तेथील अकरा आणि जवळच्या ओक्लाद्निकोव्ह गुहेतील दोन, अशा तेरा निअँडरथलांच्या जनुकसंचांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. हे लोक सुमारे ५४ हजार वर्षांपूर्वीचे. डोंगरांतील रानबोकड, रानघोडे व बायसन यांची ते शिकार करीत. त्यांत एक बाप आणि त्याची किशोरवयीन मुलगी ओळखू आली. एक मुलगा आणि एक प्रौढ स्त्री हेही जवळचे आप्त निघाले. ती त्याची आजी असेल, किंवा आत्या-मावशी. इतक्या प्राचीन काळी बाप आणि लेक एकाच वस्तीत नांदत होती हे हाडांच्या भुकटीवरून कळावे, हे वाचून मी क्षणभर थांबलो. आकृतीवरून, अवजारांवरून हे कधीच कळले नसते.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. या लोकांत पित्याकडून येणाऱ्या वंशखुणांत विविधता फार थोडी, तर मातेकडून येणाऱ्या खुणांत बरीच अधिक होती. याचा अर्थ पुरुष जन्मगटातच राहत आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया अन्य गटांतून आलेल्या असत. आपल्या भाषेत सांगावयाचे तर मुली परक्या वस्तीत नांदावयास जात. गटागटांना जोडणारा धागा असेल तर तो या स्त्रियांचाच. आणि गट केवढा? अदमासे वीस माणसांचा. आपल्याकडे वाडीवरच्या एखाद्या मोठ्या एकत्र कुटुंबात तेवढी माणसे भरतील. एवढ्याशा गटातील दोन-तीन धडधाकट माणसे एका हिवाळ्यात दगावली, तर उरलेल्यांचे काय होईल, याची कल्पना पंचायत सदस्यांना मी सांगावयास नको.

सर्वत्र हीच स्थिती होती असे म्हणता येणार नाही. अल्तायमधीलच डेनिसोव्हा गुहेतील एका अधिक प्राचीन निअँडरथल स्त्रीचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे आप्त होते. विंदियाच्या स्त्रीत मात्र अशा निकटच्या संबंधाची खूण नाही. पण जनुकीय विविधता दोघींतही तुटपुंजीच. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मांद्रँ गुहेत 'थोरिन' असे नाव दिलेल्या एका निअँडरथलाचे अवशेष मिळाले. हा अखेरच्या काळातला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याची वंशशाखा सुमारे ५० हजार वर्षे इतर निअँडरथलांपासून अलग राहिली होती, आणि तीही फ्रान्समध्येच दुसऱ्या शाखेचे लोक वावरत असताना! दुष्काळ, थंडी, शिकारीची टंचाई ही संकटे सर्वांवरच येतात; पण ज्यांचे शेजाऱ्यांशी येणेजाणे नाही, त्यांना उसनवारीही कोठून मिळणार? हवामानातील चढउतार, आपल्या पूर्वजांशी स्पर्धा, रोगराई यांपैकी कोणत्या कारणाचे माप किती, यावर विद्वानांत वाद आहे. माझ्या मते, विरळ व विखुरलेल्या लोकसंख्येवर ही कारणे कोसळली, हेच उत्तर डी. एन. ए.च्या साक्षीशी अधिक जुळते. त्यातच काही निअँडरथल आपल्या पूर्वजांच्या गटांत सामावले गेले, म्हणजे मूळ गट आणखी लहान झाले.

बुद्धीच्या श्रेष्ठतेमुळे आपण तगलो, असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीतील रानिस येथील हाडांचाही विचार करावा. सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वी तेथे राहणारे लोक निअँडरथल नव्हते, आपल्याच जातीचे होते. त्यांत एक आई व तिची मुलगी ओळखू आली आहे. चेक देशातील झ्लाटी कून येथील स्त्रीही त्यांच्या दूरच्या नात्यातली. तथापि त्यांचे वंशज आज कोठेही आढळत नाहीत. रुमानियातील ओआसे गुहेत सापडलेल्या तरुणाचा निअँडरथल पूर्वज अवघ्या चार ते सहा पिढ्यांमागचा होता. त्याचाही वंश पुढे युरोपात चालला नाही. त्या काळात आपली माणसेही वस्त्याच्या वस्त्या संपत होती. आपल्यामागे नवी माणसे येत राहिली, त्यांच्यामागे कोणी येत नव्हते.

आता शिक्षकमित्राच्या बातमीविषयी. तो घटक तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. दक्षिण आशियात सुमारे निम्म्या लोकांत आणि युरोपात सुमारे १६ टक्के लोकांत त्याची निदान एक प्रत आढळते. पूर्व आशियात तो जवळजवळ नाहीच. परंतु बातमीच्या मथळ्यात जे आले नाही ते असे की, २०२१ साली हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेचा ज्यात सहभाग होता, त्या अभ्यासात युरोपीय लोकांत दिसलेला हा परिणाम दक्षिण आशियाई लोकांत तसाच दिसेल, याला पुष्टी मिळाली नाही. त्याच वर्षी बाराव्या गुणसूत्रावरील आणखी एक निअँडरथल वारसा कोरोनाच्या तीव्रतेपासून काहीसे संरक्षण देतो, असे आढळले. आणि २०२२ साली पुढे आले की, तिसऱ्या गुणसूत्रावरील तोच बदनाम घटक एच. आय. व्ही.ची लागण होण्याचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी कमी करतो.