कान शाबूत, तोल गेला

आंजर्ल्याच्या खाडीच्या मुखाशीं लाट उसळत असतां तांडेल होडींत ताठ उभा राहतो. याचें श्रेय पायांइतकेंच अंतःकर्णांतील तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना आहे. त्यांच्या कार्यावरील संशोधनाबद्दल व्हिएन्नाचे वैद्य रॉबर्ट बाराणी यांस १९१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु नलिका केवळ वार्ता धाडतात. ती प्रथम पोंचते मस्तिष्कस्तंभांत. मेंदू व पृष्ठरज्जू यांस जोडणारा हा देठ लहानसा. पण श्रवण, तोल, नेत्रांची हालचाल, गिळणें, श्वास या साऱ्यांचे तंतू तेथें दाटले आहेत. उच्च रक्तदाबानें झिजलेली बारीक धमनी तेथें फुटली, कीं घर गरगर फिरतें, बुबुळें आपोआप हेलकावतात, मनुष्य एका अंगास कलंडतो.

बहिरेपणाची गोष्ट अधिक चमत्कारिक. श्रवणाचे पुष्कळ तंतू स्तंभांत शिरल्यावर पलीकडे ओलांडतात. म्हणून वरच्या भागांत एका बाजूस रक्त सांडलें तरी एक कान सहसा पुरता जात नाहीं. प्रवेशद्वाराशींच स्राव झाला तर मात्र जाऊं शकतो. उभय मार्ग सांपडले तर कित्येकांस आवाज येतो, पण शब्द उमगत नाहीं. अशास श्रवणयंत्र काय देणार? गोंगाट.

चक्कर आली कीं पित्त समजून आमसुलाचें सरबत देण्याची कोकणांत रीत आहे. बहुतेक चकरा निरुपद्रवी असतात, हें खरें. पण एकाएकीं दोन दोन दिसूं लागलें, जीभ जड झाली, गिळतांना ठसका लागला किंवा उभेंच राहवेना, तर सरबत नको, पाणीहि नको. १०८ क्रमांकास तत्काळ कळवावें. रक्त पातळ करणारी गोळी तर घरीं मुळींच देऊं नये. गुठळी आहे कीं स्राव, हें लक्षणांवरून ओळखतां येत नाहीं. तें सी. टी. स्कॅन दाखवितो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या या यंत्रानें पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ सालीं पाहिला.

मोठा स्राव बहुधा प्राणघातक ठरतो. लहान स्रावांतून वांचलेल्यांस मान व डोळे हालविण्याच्या व्यायामानें तोल कांहीं अंशीं परत मिळवितां येतो. कॉथॉर्न व कुक्सी यांनीं १९४० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत ते बसविले. तोंवर डोळेच त्याची काठी असतात. म्हणून न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर दिवा जळत ठेवावा.